साठ काजव्यांसाठी दीड एकर?

लातूर जिल्ह्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

“माझा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा आहे. त्याला आर.पी. (रेटिनायटिस पिग्मेंटोसा, डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होण्याचा आजार) आहे. लहानपणी रात्री दिसत नव्हतं, पुढे कडेचं दिसेना. आता खिडकी कुठे आहे तेवढंच कळतं. त्याचं किराणा दुकान होतं, दोन वर्षांपासून बंद आहे. आमचे आईवडील नात्यातले. मेव्हण्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाठवला, त्यात डोळ्यात चिप बसवल्यावर आंधळ्या माणसाला वाचता यायला लागलं. शिवाय शहरातल्या एका क्लिनिकमध्ये डोळ्याला करंट देऊन ‘पडदा जिवंत’ करतात, दहा सिटिंगचे दोन लाख ऐंशी हजार सांगितले. वडील म्हणतात, दीड एकर विकू, आधी करंट देऊ आणि नाही जमलं तर अमेरिकेला जाऊ. काय करावं?

ता.क. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. दिवेलागणीला अंगणात चप्पल चाचपडत शोधतो. उगाच मनात येतं.”

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा लक्ष जमिनीकडे गेलं, दुसऱ्यांदा ताज्या कलमाकडे. त्याचं शेवटी बोलू, पण बोलूच. आधी जमिनीचं. सातबारा पेटीत ठेवा. भावाच्या डोळ्यांसाठी आज ती विकावी असं एकही कारण मला दिसत नाही. पण नुसतं ‘नको’ म्हटल्याने वडील ऐकायचे नाहीत. ज्या आशेवर ते उठलेत ती अगदीच खोटीही नाही, आणि म्हणूनच हे उत्तर जरा लांबणार आहे. जमलं तर त्यांना वाचून दाखवा.

शेतकऱ्याच्या घरात सांगायचं म्हणून बोअरचं उदाहरण घेते. डोळ्याच्या मागच्या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. अंधुक उजेडात कामाला येणाऱ्या दंडपेशी सुमारे १२ कोटी, रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी ६० लाखांच्या आसपास. प्रकाश पडला की त्याचा विजेचा बारीकसा संदेश करायचा, हे त्यांचं काम. पडद्यातल्या पुढच्या थरांमधल्या पेशी तो संदेश उचलतात आणि दृष्टिनाडीच्या दहा-बारा लाख तंतूंमधून मेंदूकडे पाठवतात. आर.पी.मध्ये आधी दंडपेशी मरतात, म्हणून तुमच्या भावाला लहानपणीच रात्रीचं दिसेना. मग नजर कडेने आकसत नळीतून पाहिल्यासारखी होते, आणि शेवटी शंकुपेशीही जातात. पुढचे थर मात्र बऱ्यापैकी टिकून राहतात. म्हणजे मोटर जळाली, पाइपलाइन बरीचशी शाबूत. मग मोटरीशिवाय पाइपात पाणी सोडता येईल का? डोळ्यातल्या चिपचा सगळा खटाटोप एवढ्या एका प्रश्नावर उभा आहे. (काचबिंदूत उलटं असतं, तिथे दृष्टिनाडीच झिजते. म्हणून ‘चिप कुठल्याही आंधळेपणावर चालते’ असं कुणी म्हणालं तर तो माणूस एक तर अजाण आहे किंवा विकायला बसलाय.)

विजेने डोळ्यांसमोर उजेड पाडता येतो हे नवं नाही. १७५५ साली फ्रान्समध्ये शार्ल ल रॉय यांनी एका अंध माणसाच्या डोक्याभोवती तार गुंडाळून त्यातून साठवलेली वीज सोडली. त्याला ज्वाळा झरझर खाली उतरताना दिसल्या. नजर आली नाही. आपणही मिटलेले डोळे जोरात चोळले की काजवे चमकतात. ते बाहेरचे नसतात, पडदा डिवचला गेला म्हणून मेंदूला उजेडाचा भास होतो. डॉक्टर त्याला फॉस्फीन म्हणतात, मला आपला काजवा हाच शब्द नेमका वाटतो. चिप डोळ्यात जे पाडते ते हेच, फक्त ठरवून, ठरलेल्या जागी.

आर.पी.साठी हे सगळ्यात पुढे नेलं ते कॅलिफोर्नियातल्या सेकंड साइट या कंपनीने. त्यांच्या आर्गस २ या यंत्राला युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत फेब्रुवारी २०१३ मध्ये मान्यता मिळाली. चष्म्यावर कॅमेरा, कमरेला छोटा संगणक, आणि पडद्यावर चिकटवलेली ६० विद्युतअग्रांची चकती. कॅमेऱ्याने पाहिलेलं चित्र ६० ठिपक्यांत बसवायचं आणि तेवढे ठिपके पेटवायचे. दहा-बारा लाख तंतूंच्या वाटेवर साठ काजवे. रंग नाही, चेहरा नाही. महिनोन्‌महिने सराव केल्यावर दाराची चौकट कुठे आहे, रस्त्यावरचा पांढरा पट्टा कुठे आहे, टेबलावर ताट आहे का, एवढं काहींना कळायचं. ज्याला सगळ्यात चांगलं दिसलं त्याची नजर २०/१२६० मोजली गेली. आपल्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या भाषेत १/६० पेक्षाही कमी, म्हणजे इतरांना साठ मीटरवरून दिसतं ते याला एका मीटरवरूनही नीट दिसत नाही. म्हणजे चिप बसवूनही तो माणूस कायद्याने अंधच.

हे मी हिणवून सांगत नाही. पूर्ण काळोखात दहा-पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला दाराची चौकट दिसणं म्हणजे काय, हे डोळस माणसाने ठरवू नये. कित्येकांना ते मोलाचं वाटलं. पण व्हिडिओ पाहणाऱ्याच्या मनात ‘दिसायला लागलं’ म्हणजे आईचा चेहरा, पोराची वही, बांधावरचा साप. ते यात नव्हतं.

पुढची गोष्ट वडिलांना जरूर सांगा. यंत्राची किंमतच दीड लाख डॉलरच्या घरात होती, शस्त्रक्रिया आणि प्रशिक्षण वेगळं. दीड एकर विकून ती भागली नसती. बरं, ज्यांनी ते बसवलं त्यांचं काय झालं? जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी बसवून घेतलं. २०१९ मध्ये कंपनीने आर्गसचं काम थांबवलं, २०२० मध्ये बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. यंत्र लोकांच्या डोळ्यात तसंच राहिलं आणि दुरुस्त करणारं कुणी राहिलं नाही. न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकात गर्दीतून चालताना एका बाईंचं यंत्र तीनदा बीप वाजून कायमचं बंद पडलं. एका माणसाला डोक्याचा एमआरआय करायचा होता, तर डोळ्यातल्या यंत्रामुळे तो चालेल की नाही, याचं उत्तर कंपनीकडून मिळेना. हे सगळं २०२२ मध्ये एका अमेरिकी तांत्रिक मासिकाने छापल्यावर जगाला कळलं. जर्मनीतलीही तशीच कथा. तिथे ट्युबिंगेनचे एबरहार्ट झ्रेन्नर यांच्या संशोधनातून पडद्याच्या खाली बसणारी, पंधराशेच्या वर प्रकाशग्राही ठिपके असलेली चिप निघाली. तिला युरोपात २०१३ मध्ये मान्यता मिळाली, आणि २०१९ मध्ये ती बनवणाऱ्या कंपनीनेही दार लावलं.

आपण मोटर घेताना तालुक्याला तिचा मिस्त्री आहे का, हे आधी विचारतो. डोळ्यात काही बसवताना हा प्रश्न दसपट मोठा.

आता तुमच्या मेव्हण्यांचा व्हिडिओ. मी तो पाहिलेला नाही, पण ‘वाचता यायला लागलं’ यावरून तो प्रिमा नावाच्या चिपचा असणार असं वाटतं. ही गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. स्टॅनफर्डचे डॅनियल पालांकर यांनी सुचवलेली, २ मिलीमीटर बाय २ मिलीमीटरची, केसाहून पातळ चिप. तिला वायर नाही, बॅटरी नाही. चष्म्यातून अदृश्य अवरक्त किरणांनी चित्र तिच्यावर पाडलं जातं आणि ती शेतातल्या सौर पॅनलसारखी त्याच उजेडावर वीज तयार करून शेजारच्या पेशींना देते. युरोपातल्या पाच देशांत ३८ जणांवर चाचणी झाली, निकाल ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणीत वर्षभर राहिलेल्या ३२ जणांपैकी २६ जणांची अक्षरं वाचण्याची क्षमता चांगलीच सुधारली. त्याच वेळी शस्त्रक्रियेशी निगडित गंभीर त्रासही बऱ्याच जणांना झाले. त्यातले बहुतेक दोनेक महिन्यांत आवरले, पण झाले.

मग भावाला का नाही? कारण ती चाचणी आर.पी.ची नव्हतीच. ती साठीच्या पुढच्या अशा लोकांची होती, ज्यांच्या पडद्याचा फक्त मधला भाग वयोमानाने झिजला आहे आणि कडेची नजर ठीक आहे. ते चालतात-फिरतात कडेच्या नजरेने आणि वाचतात चिपच्या मदतीने, तेही अक्षर पुष्कळ मोठं करून. तुमच्या भावाचा कडेचा भाग आधी गेलाय, आणि इतक्या वर्षांत आतल्या पेशींचे जोडही जागोजाग विस्कटलेले असतात. उद्या त्याच्यासारख्यांवर प्रयोग होईल, कदाचित जमेलही. पण आज विमानाचं तिकीट काढून जाऊन बसावं असं तिथे काही नाही. आणि हो, त्या चिपचीही मूळ फ्रेंच कंपनी मधल्या काळात आर्थिक अडचणीत आली, २०२४ मध्ये तिचं काम एका अमेरिकी कंपनीने विकत घेतलं. मिस्त्रीचा प्रश्न इथेही आहेच.

राहता राहिलं दोन लाख ऐंशी हजारांचं क्लिनिक.

बाहेरून, म्हणजे शस्त्रक्रिया न करता, डोळ्याला सौम्य करंट देण्याचा एक उपचार खरंच अभ्यासला गेला आहे. बुबुळाला टेकेल असा बारीक विद्युतवाहक धागा लावायचा आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास अगदी मंद प्रवाह द्यायचा. जर्मनीत आणि जपानमध्ये यावर काम झालं. उद्देश एवढाच, की ज्या पेशी अजून जिवंत आहेत त्या जरा जास्त तगाव्यात. काही छोट्या अभ्यासांत दृष्टिक्षेत्राला (समोर पाहताना एका नजरेत मावतो तेवढा टापू) थोडा फायदा दिसला, मोठा आणि ठाम पुरावा उभा राहिलेला नाही. मेलेली पेशी करंटने उठते असं या विषयात काम करणारं कुणीच म्हणत नाही. म्हणून ‘पडदा जिवंत करतो’ हे वाक्य मला पुरेसं आहे. दहा सिटिंग हा आकडाही कुठून आला, कोण जाणे. गुडघ्याच्या शेकाचं पॅकेज डोळ्याला लावल्यासारखं वाटतं.

तरी वडिलांचं समाधान व्हावं म्हणून क्लिनिकला लेखी विचारा: यंत्राचं नाव काय, केंद्राच्या औषध नियंत्रकांची मान्यता कुठे आहे, आधीच्या पेशंटांचे आधीचे आणि नंतरचे दृष्टिक्षेत्राचे नकाशे दाखवता का. ‘हे संशोधन आहे’ असं म्हणाले तर चाचण्यांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक मागा. प्रामाणिक चाचणीत प्रयोगाच्या उपचाराचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत, ही एक खूण लक्षात ठेवा. डोळ्यात ‘स्टेम सेल’ टोचण्याचं कुणी सुचवलं तरी हीच कसोटी.

माझ्या सख्ख्या काकांना हाच आजार होता. आजोबांनी त्यांच्यासाठी बैलजोडी विकली आणि तीन गावांचे वैद्य, दोन शहरांचे डॉक्टर केले. बैल गेले याचं दुःख घरात पुढे कुणी काढलं नाही. मला राहून राहून वाटतं ते वेगळंच. ‘नजर येणारच आहे’ म्हणून पंधरा वर्षं काकांच्या हातात कुणी काठी दिली नाही. पांढरी काठी घेतली म्हणजे हरलो, असं घरादाराचं मत. ते ओट्यावर बसून राहिले. पुढे मी या कामात पडले आणि किती घरांत असे ओटे आहेत ते पाहिलं.

तुमच्या पत्रात वडील बोलतात, मेव्हणे बोलतात, तुम्ही बोलता. भाऊ काय म्हणतो? एक ओळ नाही. त्याला विचारा, आणि वडील समोर नसताना विचारा. मला कितीतरी जण असे भेटले, जे घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून उपचारांना जात राहिले.

जे करण्यासारखं आहे त्याला जमीन विकावी लागत नाही. एक म्हणजे पडद्याच्या डॉक्टरांकडून पूर्ण तपासणी. आर.पी.मध्ये लवकर मोतीबिंदू होतो, कधी पडद्याच्या मध्यभागी सूज येते. या दोन्हींवर उपचार आहेत, आणि उरलीसुरली नजर थोडी तरी साफ होऊ शकते. ‘आर.पी. आहे, आता काय तपासायचं’ म्हणून हे राहून जातं. दुसरी, रक्ताची जनुकीय तपासणी. हैदराबादची एल.व्ही. प्रसाद नेत्रसंस्था तुम्हाला रेल्वेने फार लांब नाही, चेन्नईला शंकर नेत्रालय आहे. तिथे समुपदेशनासह मार्गदर्शन मिळतं. आर.पी. हा एक आजार नसून कित्येक जनुकांमधल्या बिघाडांचं एकच आडनाव आहे. त्यातल्या आरपीई ६५ या एका जनुकावर २०१७ पासून अमेरिकेत मान्य जनुकोपचार आहे. त्याची किंमत दोन्ही डोळ्यांची साडेआठ लाख डॉलर, आणि जिवंत पेशी शिल्लक असाव्या लागतात. भावाचं जनुक तेच निघेल याची शक्यता थोडी. पण नाव कळलं की उद्या कुठली चाचणी त्याच्या उपयोगाची आणि कुठली नाही, हे एका फोनवर कळेल. पॅरिसमध्ये आर.पी.च्या एका ५८ वर्षांच्या गृहस्थांना चिप न बसवता, आतल्या पेशींनाच प्रकाश टिपायला शिकवणाऱ्या जनुकाने आणि खास चष्म्याने टेबलावरच्या वस्तू शोधता आल्या, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. वाट पाहण्यासारखं पुष्कळ आहे. फक्त वाट पाहताना बसून राहायचं नाही.

कारण दुकान. दोन वर्षं बंद असलेलं ते दुकान मला चिपपेक्षा जवळचं वाटतं. क्यूआर कोडचे पैसे आले की आकडा बोलणारा डबा आज प्रत्येक टपरीवर आहे. रिझर्व्ह बँकेचं ‘मणी’ नावाचं मोफत ॲप फोन नोटेवर धरला की नोट कितीची ते बोलून सांगतं. फोनमधलं टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय, मराठीत बोलतं. बोलणारे वजनकाटेही मिळतात. माल ठरलेल्या फळीवर, ठरलेल्या क्रमाने, आणि सुरुवातीला मदतीला घरातलं कुणीतरी. काठीचं आणि फोनचं प्रशिक्षण मुंबई-पुण्यातल्या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्था देतात, त्यांतल्या नॅब या संस्थेचं काम तर १९५२ पासून आहे. खिडकी कळते तेवढा उजेड आहे तोवर हे शिकणं सोपं जातं, म्हणून लवकर.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसेल तर जिल्हा रुग्णालयातून काढा, एसटी आणि रेल्वेच्या सवलतीपासून बरंच काही त्यावर अवलंबून आहे. जाता जाता आर.पी.च्या इतर वाचकांसाठी: तक्त्यावर ६/१२ वाचता म्हणून परत पाठवलं तर दृष्टिक्षेत्र मोजायचा आग्रह धरा. २०१६ च्या कायद्यानुसार क्षेत्र १० अंशांहून कमी असेल तर तेही अंधत्वच आहे.

आता ताजा कलम. ताई, ते ‘उगाच’ नाही.

आर.पी. घराण्यात उतरण्याच्या वाटा वेगवेगळ्या. आईवडील दोघंही नकळत वाहक असतील, म्हणजे बिघडलेलं जनुक अंगात आहे पण आजार नाही, तर मुलांत दिसतो. नात्यातल्या लग्नांत हे जास्त घडतं, आणि नागपूर जिल्ह्यातल्या ग्रामीण भागात झालेल्या पाहणीत साडेसातशे माणसांमागे एक असं प्रमाण आढळलं, जगात ते साधारण चार हजारांमागे एक मानतात. या वाटेने भावाला आला असेल तर तुम्ही स्वतः वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. तरी मुलाला तो होण्यासाठी तुमचे यजमानही वाहक असावे लागतात. तुमचं लग्न नात्यात झालंय का, ते तुम्ही लिहिलं नाही. झालं असेल तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. दुसऱ्या एका प्रकारात आजार आईकडून मुलाकडे येतो, आईला स्वतःला फारसा त्रास नसतानाही. तेव्हा मामाला आणि भाच्याला, असा तो दिसू शकतो. यात कुणाचा दोष नसतो. हे मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याकडे असलं काही कळलं की सासरी कुणाकडे बोट जातं ते मला ठाऊक आहे.

आणि हेही ध्यानात ठेवा, की संध्याकाळी चाचपडणाऱ्या मुलाला नुसता चष्म्याचा नंबर असू शकतो, किंवा ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता, जी औषधाने भरून येते. बाहुली मोठी करून पडदा पाहतील, आणि शंका आली तर ईआरजी नावाची तपासणी करतील. त्यातही अनेक ठिकाणी बुबुळाला तसाच बारीक धागा लावतात, पण करंट द्यायला नाही. उजेड पाडल्यावर पडदा स्वतः किती वीज तयार करतो, ते मोजायला. दुखत नाही. नऊ वर्षांचं पोर शांत बसलं तर तासाभराचं काम आहे.

चप्पल शोधताना त्याला रागावू नका, अंगणात दिवा लावा. आणि डॉक्टरांकडे जाताना मामाची जुनी फाइल बरोबर घ्या.